नऊ घड्यांचं कापड

पिंपात चादरी रचून झाल्या होत्या, वर जाड्याभरड्या फडक्यावर मळ काढणारी राख पसरली होती आणि कढत पाण्याची तीन ओगराळी ओतूनही झाली होती. चौथं ओतायच्या आधी पेरीननं ओदियेबाईंचं बोचकं सोडलं. उशांच्या दोन खोळींच्या मध्ये तिच्या बोटांना काहीतरी लागलं आणि हात तिथेच थांबला.

वीतभर लांबीरुंदीचं तागाचं पांढरं कापड होतं ते. आडव्या तीन घड्या, उभ्या तीन घड्या, म्हणजे नऊ चौकोन. कडेला लाल दारूचा डाग.

लावाल गावात अशी घडी फक्त पाद्री घालत. मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी वेदीवर, पवित्र भाकरीच्या खाली, हे कापड अंथरलं जाई. पेरीनला ते कुणी सांगायला नको होतं. विणकराच्या घरात ती जन्मली, विणकराच्याच घरात पडली, नवरा खोकून खोकून गेल्यावर तिनं धोपाटणं हातात घेतलं आणि पुढची वीस वर्षं गावाच्या चादरींबरोबर देवळाची कापडंही धुतली. आता देवळात घोड्यांचं गवत भरलं होतं. राजाला हटवून आलेल्या नव्या राज्याची शपथ न घेतलेले पाद्री रानात नाहीतर कुणाच्या तरी माळ्यावर लपले होते. ज्याच्या घरी पाद्री सापडेल त्याची मान चौकातल्या शिरच्छेदाच्या पात्याखाली जाई, आणि कळूनही जो बोलला नाही त्याचीही काही खात्री नव्हती.

ओदियेबाई म्हणजे दस्तऐवज लिहिणाऱ्या ओदियेंची विधवा. त्यांच्या माळ्यावर कुणी असेल का? पेरीन असा विचार करते आहे तोच फाटक वाजलं.

“सलाम आणि बंधुभाव, नागरिक पेरीन!”

नव्या राज्याच्या देखरेख समितीचा मातुरँ. पूर्वी बड्या लोकांसाठी केसांचे टोप करायचा. टोप घालणारी डोकीच उरली नाहीत तेव्हा समितीत शिरला.

“बसा ना,” ती म्हणून गेली.

“बस, म्हण. ते ‘बसा’ गेलं राजाबरोबर.”

“जीभ जुनी आहे हो. आहे रे,” पेरीननं सुधारून घेतलं.

“काम चालू दे तुझं. पाय दुखतायत, जरा टेकतो.” तो उलट्या बादलीवर बसला. “कुणाचं बोचकं?”

“मला काय विचारतोस? गावात कुणाचा शर्ट कुठे फाटलाय, तेसुद्धा तुमच्या वहीत असतं म्हणे.”

तो हसला. पण हसताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. मातुरँ तिच्या हातांकडे बघत होता.

हा आजच कसा आला? नेमका हे बोचकं सुटतानाच? बोचकी घरोघरून गोळा करून आणायची ती तिची नणंद जाक्त. आता ती लाकडांचा भारा घेऊन आली, चुलीपाशी टाकला आणि म्हणाली, “वहिनी, चौथं पाणी राहिलंय का अजून?” बोचक्याकडे तिनं बघितलंच नाही. एरवी कुणाच्या घरच्या खोळी किती जुन्या झाल्यात हे सांगितल्याशिवाय जिला घास जात नाही, ती जाक्त आज भिंतीकडे बघत उभी होती.

कापड खरं असेल तर ते असं पिंपात टाकणं म्हणजे पाप. ते वेगळं काढावं, निराळ्या पाण्यात बुडवावं, ते पाणी मातीत ओतावं. पण ते मुद्दाम ठेवलेलं असेल, तर वेगळं काढणं म्हणजे, “होय, मला कळलं हे काय आहे,” असं मातुरँच्या तोंडावर सांगणं. मग आधी ओदियेबाई, मागोमाग ती स्वतः.

तिची नजर पुन्हा डागावर गेली. वीस वर्षांत एकदाही देवळातून असं कापड तिच्याकडे डागासकट आलं नव्हतं. पाद्रीबाबा आधी स्वतःच्या हातानं ते खळबळून काढत, पाणी झाडाच्या मुळाशी ओतत आणि मगच ओलं कापड धोबिणीला देत. केसांचे टोप करणाऱ्याला हे कुठून माहीत असणार! देवळातून लुटून आणलेल्या कापडावर दारू शिंपडली की झालं, असं त्याला वाटलं असणार.

तिनं कापड एका झटक्यात झाडलं, जाक्तच्या बाळाच्या लंगोटांत गुंडाळलं आणि राखेचं फडकं उचलून पिंपात कोंबलं.

“काय होतं ते?” मातुरँ उठून उभा राहिला.

“दारूचा डाग. आधी गार पाण्यात घालायला हवा होता, आता पक्का बसणार. बाई ओरडल्या तर सांगेन, नागरिक मातुरँनं गप्पांत गुंतवलं म्हणून.”

मातुरँचा चेहरा पडला. निघताना त्यानं जाक्तकडे एकदा बघितलं. जाक्तनं खाली मान घातली.

पेरीननं चौथं ओगराळं ओतलं. थोडं पाणी पायावर सांडलं. कापड खोटं, हे तिनं तो डाग बघून खरंच ठरवलं होतं, की भीतीनं ठरवून घेतलं होतं? एखादा आजारी पाद्री, माळ्यावर, घोटभर पाणीसुद्धा जवळ नसलेला... त्यानं ते तसंच खाली दिलं असेल तर? दोन दिवस नदीवर धोपाटण्याच्या प्रत्येक फटक्याआड ती मरियामातेची प्रार्थना पुटपुटत राहिली. बाजूच्या बायकांना वाटलं, फटके मोजते आहे.

तिसऱ्या दिवशी वाळलेले कपडे घेऊन ती स्वतःच ओदियेबाईंकडे गेली. कापड भांडी पुसायच्या फडक्यासारखं चार घड्यांत ठेवलं होतं. बाईंनी ते उचललं, उजेडात धरलं आणि त्यांचे ओठ पांढरे पडले.

“हे माझ्या घरचं नाही.”

“तुमच्याच बोचक्यात होतं.”

“समितीनं काय देऊ केलंय तुला, पेरीन?”

“बाई, देवाशपथ...”

“देवाची शपथ आजकाल समितीवालेच जास्त घेतात. घेऊन जा हे. आणि यापुढे माझे कपडे मी घरीच धुईन.”

दार लागलं. बाई नुसत्या सापळ्याला घाबरल्या होत्या, की त्यांच्या माळ्यावर खरंच लपवायला कुणी होतं? पेरीनला ते कळलं नाही, आणि कळून घ्यायची तिची इच्छाही नव्हती.

घरी जाक्त कुट्टूच्या पिठाची धिरडी घालत होती. पेरीननं तिच्यासमोरच कापड चुलीत टाकलं. ते जळून गेलं तशी राख खापरात काढली, धुण्याच्या राखेत न मिसळता नासपतीच्या झाडाखाली पुरली. खरं असो की खोटं, देवाच्या नावाचं कापड शेवटी मातीतच जावं.

परत आली तेव्हा जाक्तचे डोळे लाल होते. धुरानं असतील.

“मघाशी मातुरँ येऊन गेला,” ती धिरडं उलटत म्हणाली. “यापुढे त्यांच्या घरचं धुणं आपल्याकडे. वहिनीनं स्वतः यावं, गावच्या बोचक्यांबद्दल बोलायचंय, म्हणाला.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार, वहिनी? हो म्हणाले.”

पेरीननं धिरड्याचा एक तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. उद्या सकाळी मातुरँच्या घरून चादरी आणायला जायचं होतं.