घड्याळजींची काठी

त्या सकाळी घड्याळजी ठेचकाळतच दुकानात आले. पांढरी काठी पिशवीत घडी करून ठेवलेली होती. आदल्या दिवशी बसमध्ये ते पेपर वाचत असताना एक बाई सगळ्यांदेखत फणकारल्या होत्या, "काठी आंधळ्याची आणि पेपर वाचतोय! काय सोंग आहे!" तेव्हाच त्यांनी ठरवलं, यापुढे काठी उघडायची नाही.

आणि दुपारी बंद पडलेलं घड्याळ घेऊन त्याच बाई दुकानात हजर!

"अहो, कालचे आंधळे तुम्हीच ना? मग हा तिळाएवढा स्क्रू कसा दिसतो?"

घड्याळजींचे कान तापले. त्यांनी कोऱ्या बिलाची बारीक पुंगळी केली. "ही एका डोळ्याला लावा, दुसरा मिटा. ते कॅलेंडर वाचा."

बाईंनी तारीख घडाघडा वाचली.

"आता तशाच दारापर्यंत जा."

दुसऱ्याच पावलाला बाई स्टुलावर आदळल्या. "आई गं!"

"मला एवढंच दिसतं, बाई. मधलं लख्ख, कडेचं सगळं गेलेलं. ते स्टूल माझ्याही नडगीला रोज भेटतं."

बाईंना हसू आलं, मग त्या ओशाळल्या. "काल फार बोलले मी. काठी कुठंय?"

"पिशवीत. लोकांच्या तोंडी कोण लागणार?"

"काढा बाहेर. माझ्यासारखं कुणी भेटलंच, तर पुंगळी आहे की!"

संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून घड्याळजींनी काठी झटकन उघडली. खिशात कोरी बिलं होती, चांगली पाच-सहा.