‘हं’ कोणी म्हणेना

मी, दत्तात्रय विठोबा शेलार, वय एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी, राहणार धायरी, दर रविवारी पुराणकथांचा ऑनलाइन वर्ग घेतो.

आज समुद्रमंथन सांगत होतो. हलाहल वर आले आणि मी सवयीने श्रोत्यांच्या हुंकारासाठी थांबलो. कोणीच ‘हं’ म्हणेना.

“सूनबाई, मंडळी झोपली काय?”

“अहो बाबा, गोंधळ नको म्हणून सगळ्यांचे आवाज मीच बंद ठेवलेत. तुम्ही बोला ना.”

काय बोलणार? साठ वर्षे सांगत आलेली कथा, पण हुंकाराविना पुढचे वाक्यच आठवेना. विष तसेच ठेवून वर्ग संपवावा लागला.

श्रोतेहो, पुढच्या रविवारी आपले आवाज सुरू केले, तर आपण ‘हं’ म्हणाल ना?

समक्ष हजर: सूनबाई वैशाली, आणि पडद्यावर आपण अठरा जण, निःशब्द.