पाहून, तपासून, खात्री करून

गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की तो आधी गाडीची सगळी दारं उघडायचा. चारही दारं, डिकी, बॉनेट. मग दोन पावलं मागे सरायचा, फडक्याला हात पुसायचा आणि म्हणायचा, "बघून घ्या. आपल्याकडे झाकून काय नाय."

तुम्हीही पाहिलं असेल, यजमानाने घराची सगळी दारं उघडी टाकली की पाहुणा आत डोकावत नाही, उंबऱ्यावरच अवघडून उभा राहतो. त्याच्या आवारात माणसांचं तसंच व्हायचं. लांबूनच मान डोलवायची, टायरला पायाने एक ठोकर मारायची आणि किंमत विचारायची. तिथे सीटखाली हात घातलेला मी एकच माणूस पाहिला. तो माझा बाप. आणि त्याला मी गप्प केलं.

चिंचोटीच्या अलीकडे, हायवेला लागून त्याचं आवार होतं. पत्र्याची शेड, तारेचं कुंपण, रंगीत पताका आणि दहा-पंधरा जुन्या गाड्या. सगळे त्याला भाऊ म्हणत. रोज सकाळी दहाच्या आत तो तेलाची बुदली घेऊन निघायचा आणि प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दाराच्या बिजागरीत, कुलपात दोन-दोन थेंब सोडायचा. एखादा देवांना फुलं वाहतो तसा, न बोलता. "दार कुरकुरलं की गिऱ्हाईक अर्धं गेलं," असं त्याचं म्हणणं.

तो आमच्या नायगावचाच. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठा, नववीत शाळा सोडलेला. माझ्या बी. कॉम.च्या शेवटच्या पेपराच्या दिवशी गाड्या बंद पडल्या. मी स्टेशनवर रडवेला होऊन उभा होतो. हा स्कूटरवरून चालला होता. काही न विचारता म्हणाला, "बस मागे." वसईला कॉलेजच्या फाटकात सोडलं. तीन तासांनी मी बाहेर आलो, तर हा समोरच्या झाडाखाली चणे खात बसलेला. "परत कसा गेला असतास, मास्तर?" मी तेव्हा कुठेच नोकरीला नव्हतो. पण त्या दिवसापासून त्याने मला मास्तरच म्हटलं, मी पुढे एका हायस्कुलात कारकून झालो तरीही.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बाबा मिठागरात राबले. माझ्या पदवीत त्या स्कूटरचा वाटा आहे, असं मी मानायचो. अजूनही मानतो. म्हणून तर हे लिहायला जड जातं.

२००५च्या जुलैत मुंबई पाण्याखाली गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. दिवाळीच्या सुमाराला भाऊच्या आवारात गाड्या एकदम वाढल्या. मुंबईच्या नंबरांच्या, नव्यासारख्या चकचकीत, आणि बाजारापेक्षा कितीतरी स्वस्त. तेव्हा कुंपणावर गाड्यांमधले गालिचे ओळीने वाळत घातलेले असत. मी ते पाहिलं आणि म्हणालो, "भाऊ, स्वच्छता फार पाळता तुम्ही."

त्याने एक गालिचा उलटा करून टाकला. मग हसला. "धंदा आहे बाबा. साफ दिसलं पाहिजे."

तुमच्या आत्ताच ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही.

मला गाडी हवी होती ती बाबांसाठी. मिठात उभं राहून त्यांच्या पायांना भेगा पडलेल्या, त्या भरत नसत. स्टेशनपर्यंत चालणं त्यांना जमेना. भाऊने एक पांढरी गाडी दाखवली. "तुमच्या घरातला पयला ग्रॅज्युएट तू. तुला वेगळा भाव." आणि त्याने सांगितलेला आकडा ऐकून मला माझ्या पदवीचा पहिल्यांदा रोख अभिमान वाटला.

गाडी घ्यायला मी बाबांना मुद्दाम बरोबर नेलं. भाऊने सगळी दारं उघडली, मागे सरला, हात पुसले. "बघून घ्या, काका."

बाबांनी ते शब्दशः घेतलं. ते गुडघ्यांवर बसले आणि पुढच्या सीटखाली हात घातला. सीट ज्या पट्टीवर सरकते तिच्या बोल्टांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग बोट उजेडात धरून अंगठ्याने चोळलं. मिठागराच्या बांधावर पाणी कुठवर चढलं होतं, किती दिवस उभं होतं, हे ते नुसत्या रेघेवरून सांगत. तसंच बघत होते.

भाऊ म्हणाला, "काय पडलं का, काका?"

बाबा माझ्याकडे वळून हळूच बोलले, "इथवर पानी उभं होतं. खालचे बोल्ट खाल्लेत, वरचे कोरे हाय. चिखल बघ, पिठावानी. दोन दिस तरी बुडाली ही."

मला लाज वाटली. बापाच्या मळक्या बोटाची, गुडघ्यांवर बसण्याची, 'पानी' म्हणण्याची. ज्याने मला पेपराला पोचवलं त्याच्या दारात असा संशय. मी म्हणालो, "बाबा, उठा. त्यांना काय वाटेल? तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

बाबा उठले. बोट सदऱ्याला पुसलं आणि फाटकाजवळ जाऊन उभे राहिले.

त्याच दिवशी भाऊने चहा मागवला आणि म्हणाला, "मास्तर, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. एक कागद लिहून दे ना. गिऱ्हाईकाकडून सही घ्यायची असते, माझ्या मराठीला कोण विचारतंय." शाळा सोडल्याचे दाखले माझ्याच हातचे असत, अक्षराचं कौतुक झालं की मी विरघळायचो. त्याने तोडकंमोडकं सांगितलं, मी ते नीट मांडलं. 'सदर वाहन मी स्वतः पाहून, तपासून व खात्री करून घेतले असून यापुढे वाहनाबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.' वर मथळा, खाली नाव आणि सहीसाठी जागा. ओळी सरळ याव्यात म्हणून मी खाली रेघांचा कागद धरला होता. लगेच झेरॉक्स काढून आणली, तिच्यावर पहिली सही मीच केली. मूळ कोरा कागद त्याने पुढच्या झेरॉक्सला ठेवून घेतला.

गाडी काही महिने बरी चालली. बाबा तिच्यात बसत, पण मागे. एकदा शाळेच्या आवारात प्रार्थना चालू असताना तिचा हॉर्न आपोआप वाजू लागला आणि थांबेना. मुलं हसायला लागली, मुख्याध्यापकांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मी धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली. भाऊने हॉर्न फुकटात दुरुस्त करून दिला, वर म्हणाला, "शाळेत आली ना, तिलापण प्रार्थना म्हणावीशी वाटली." मी हसलो. पुढे काच आपोआप खाली उतरू लागली, दिवे दिवसाही पेटू लागले. तो दर वेळी दुरुस्त करून द्यायचा, चहा पाजायचा. मी शाळेत सांगायचो, असा माणूस मिळायला नशीब लागतं.

ते माझ्या ताईच्या यजमानांनी ऐकलं. भावोजी वसई पूर्वेच्या एका कारखान्यात होते. त्यांना नोकरी सोडून व्हॅन घ्यायची होती. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्याला माणसं लोटतात. नायगाव स्टेशनपासून त्यांना आणायचं, सोडायचं. डोक्यात सगळं पक्कं होतं. ताईने बांगड्याही काढून दिल्या. मे महिन्यात ते घरी आले आणि बाबांना म्हणाले, "मामा, तुम्ही पण चला ना गाडी बघायला."

बाबा अंगणात जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "शिकलेला मानूस हाय ना संगती. मला काय कळतंय."

मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

भाऊने व्हॅनची सगळी दारं उघडली. बाजूचं सरकतं दार त्याने एका बोटाने सरकवून दाखवलं. "लोण्यासारखं. बघून घ्या." भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलवली. त्यांनी माझ्या अक्षरातल्या कागदावर सही केली, साक्षीदार म्हणून खाली मी.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी, धबधब्याच्या रस्त्याला, व्हॅनच्या डॅशबोर्डाखालून धूर निघाला. पाण्याने आतून खाल्लेल्या वायरी. मागे कॉलेजच्या सहा मुली बसल्या होत्या. भावोजी उडी मारून बाहेर आले आणि त्यांनी सरकतं दार ओढलं. ते सरकेना. कुलूप आतून गंजलेलं, मुली बसल्यावर बंद झालं ते अडकलंच. आवारात रोजचे दोन थेंब मिळत होते तोवर चाललं. तापलेल्या पत्र्याला दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते दार उपटलं. मुली सगळ्या वाचल्या. भावोजींच्या उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून मिटलेलीच आहेत.

भाऊ इस्पितळात आला होता. हे सांगितलंच पाहिजे. शहाळी घेऊन आला, भावोजींच्या उशाशी दोन तास बसला, स्वतःच्या हाताने त्यांना पाणी पाजलं. ताई त्याच्या पाया पडली. तो खाली बघत होता.

दुसऱ्या आठवड्यात मी आवारात गेलो. तो बुदली घेऊन फिरत होता. मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं?"

त्याने बुदलीचं तोंड फडक्याने पुसलं. "तुला नव्हतं?"

"मला कसं असणार?"

"तुझ्या बापाला तर बघताक्षणी कळलं. मी त्याचं बोट बघत होतो, मास्तर. म्हटलं, संपलं, आता हा गाडी घेत नाय. धा-बारा गाड्या तशाच अंगावर पडणार." तो शांतपणे बोलत होता, हिशेब द्यावा तसा नाही, गावातली बातमी सांगावी तसा. "मग तू त्याला उठवलंस. मला वाटलं, जाणून-बुजून घेतोय, स्वस्त आहे म्हणून. नायतर शिकलेला माणूस एवढी स्वस्त गाडी कशाला घेईल?"

मी म्हणालो, "मी पोलिसांत जाईन."

तो शेडमध्ये गेला, एक फाइल घेऊन आला आणि माझ्यासमोर उघडली. एकावर एक कागद. तीस असतील, चाळीस असतील. वेगवेगळी नावं, वेगवेगळ्या सह्या, काही अंगठे. प्रत्येकावर माझं छापल्यासारखं अक्षर. त्यातली काही नावं माझ्या शाळेतल्या पालकांची होती.

"तुझंच ना?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं.

तरी मी चौकीत गेलो. तिथल्या हवालदाराने भावोजींकडची कागदाची प्रत वाचली आणि विचारलं, "तपासून घेतली म्हणून लिहिलंय. मग तक्रार कसली? आणि साक्षीदार तुम्हीच?"

मी घरी आलो. बाबा काहीच म्हणाले नाहीत. 'मी सांगितलं होतं' एवढंही नाही. त्यानंतर त्यांनी कशाबद्दलच काही सांगणं सोडलं. आभाळ बघून मासे कुठले मिळतील ते सांगायचे, भिंतीला हात लावून ओल कुठून येते ते सांगायचे, ते सगळं. विचारलं की एकच उत्तर, "तुमी बघा, तुमाला कळतं." रागाने म्हणत नसत. तेच फार वाईट होतं.

पुढच्या वर्षी एके दिवशी भाऊचं आवार रिकामं दिसलं. कोणी म्हणे वापीला गेला, कोणी म्हणे आजारी होता. पताका बरेच दिवस फडफडत होत्या. शेडच्या खांबाला खिळ्यावर तेलाची बुदली तशीच टांगलेली होती. मला त्याचा राग यायला हवा होता. आला तोही. पण परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या फाटकाबाहेर कोणी मोठा माणूस वाट बघत बसलेला दिसला, की मला चणे खाणारा तोच आठवतो.

बाबा गेले. त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या शाळेतला शिपाई जुनी गाडी घ्यायला निघाला आणि मला म्हणाला, "साहेब, तुम्ही या बरोबर. तुमचं शिक्षण आहे." मला नाही म्हणता आलं नाही. बोळिंजजवळ नवं आवार होतं, मालक तरुण, शर्ट इस्त्रीचा. त्याने किंमत सांगितली, चांगलीच कमी, आणि टेबलावरून एक कागद पुढे सरकवला.

झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. मात्रा अर्ध्या उडालेल्या, वेलांट्या पुसट. तरी ओळी सरळ होत्या. 'पाहून, तपासून व खात्री करून.'

शिपायाने पेन उघडलं होतं. मी त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि गाडीकडे गेलो. गुडघ्यांवर बसलो आणि सीटखाली हात घातला. बोल्ट हाताला लागले. बोट बाहेर काढून उजेडात धरलं, अंगठ्याने चोळलं. करडी, बारीक धूळ होती. ती चिखलाची की रस्त्याची, पाणी इथवर होतं की नव्हतं, मला काही म्हणजे काही कळेना.

मागून मालकाने विचारलं, "साहेब, काही पडलं का?"