टकटक की खुळखुळ

आमच्या गाडीत आवाज यायला लागला, तेव्हा पहिला वाद त्या आवाजाच्या नावावरून झाला. मी म्हणालो, काहीतरी खुळखुळतंय. शेजारच्या सीटवर बसलेले बाबा म्हणाले, "खुळखुळ नव्हे, टकटक. शब्द नीट वापरत जा." बाबांनी पांढरकवड्यात तीस वर्षं मराठी शिकवलं. मी पन्नाशीला टेकलोय, कचेरीत दिवसभर लोकांच्या अर्जांवर शेरे मारतो. पण त्यांच्या लेखी मी अजून सहावीतच आहे.

त्याच्या पंधरा दिवस आधी मी त्यांना यवतमाळला डॉक्टरकडे नेलं होतं. सुपारीनं त्यांचं तोंड आखडत चाललंय. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, सुपारी आजच्या आज सुटली नाही तर पुढे कापाकापी आहे. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिली आणि मला घरचा अभ्यास दिला: तोंडात तीन बोटं उभी जातात का, हे रोज बघायचं. बाबांनी तिथल्या तिथे सुपारी सोडली, तीही छोटंसं भाषण करून. बायकोनं घर धुंडाळून सगळी सुपारी काढून टाकली, पूजेचीसुद्धा कुलपात ठेवली. देवांनी तक्रार केली नाही.

तर आवाज. आमचा मेकॅनिक हायवेला, ट्रकांच्या रांगेमागे बसतो. मशीन-बिशीन लावत नाही. गाडी आली की आवाजाचं नाव विचारतो.

"भाऊ, टकटक असन तं खालची भानगड, शॉकअप नाही तं बुश. करकर असन तं प्लास्टिक. खुळखुळ असन तं अंदर काही पडलं हाय. तुमी फक्त नाव सांगा."

मी तोंड उघडणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "टकटक."

संपलं. मेकॅनिक बाबांचा विद्यार्थी. शब्द चुकला म्हणून त्यानं वर्गात भरपूर छड्या खाल्ल्यात. "पन गुरुजी, मले तं…" असं तो पुटपुटला. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तो चाळिशी ओलांडलेला माणूस निमूट गाडीखाली शिरला.

बुश बदलले. आठवडाभर गाडी गप्प. "बघ," बाबा म्हणाले. मग एक दिवस ती खुळखुळ, माफ करा, टकटक, हळूच परत आली आणि रोज थोडी थोडी वाढत गेली. शॉकअप बदलले. पुन्हा आठवडाभर शांतता, पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा काय बदललं ते मेकॅनिकलाही आता आठवत नसेल.

त्या आवाजानं मला पार पछाडलं. डिक्कीतली स्टेपनी काढून बैठकीत आणून ठेवली. बायकोला मागच्या सीटवर आडवं झोपवून, कान लावायला सांगून, गाडी गतिरोधकांवरून नेली. तिनं आवाजाऐवजी माझ्याबद्दल मत दिलं. बाबांचं सहकार्य मात्र वाखाणण्यासारखं होतं. रोज सकाळी फडकं घेऊन गाडी आतून तेच पुसायचे. मेकॅनिककडे जाताना न चुकता सोबत यायचे आणि त्याला बजावायचे, "वर हात लावू नकोस. दोष खाली आहे." एवढं गाडीप्रेम मी त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं. मला कौतुक वाटायचं. कारकुनी करून करून माणसाचं डोकं असं होतं.

गेल्या आठवड्यात बाबा एका जुन्या सहकाऱ्याच्या सत्काराला एसटीनं मुकुटबनला गेले. मी तेवढ्यात गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं आधी आत वाकून पाहिलं.

"गुरुजी नाही आले ना?"

"नाही."

"मंग खरं सांगतो भाऊ. खुळखुळच हाय. पयल्या दिवसापासून आयकून राह्यलो."

"मग बोलला काहून नाहीस?"

"गुरुजीले कोन म्हनन, तुमचा शब्द चुकला म्हनून?"

त्यानं डावीकडची पुढची सीट खोलली. बाबांची सीट. खाली लोखंडी पट्टीच्या आड एक चपटी स्टीलची डबी होती. त्यानं ती कानाशी धरून हलवली. महिनाभर छळणारा तो आवाज आम्ही दोघांनीही लगेच ओळखला. झाकण काढलं तर तळाशी सुपारीची चार खांडं.

"भरली असन तं वाजत नसन," तो हळूच म्हणाला आणि डबी माझ्या हातात देऊन दुसऱ्या गाडीकडे वळला.

मी तिथेच उभा राहिलो. गाडी गप्प व्हायची ती बुश बदलल्यानं नव्हे, डबी भरल्यानं. आवाज वाढायचा तो सुपारी तोंडात जाईल तसतसा. बाबा किती खातात हे गाडी मला रोज ओरडून सांगत होती आणि मी शॉकअप बदलत होतो. मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

संध्याकाळी बाबा परतले, तेव्हा डबी टेबलावर होती. "गुरुजी, शब्द चुकला," हे वाक्य मी दिवसभर घोळवून तयार ठेवलं होतं. त्यांनी डबीकडे पाहिलं आणि तीस वर्षांची शुद्ध मराठी एका क्षणात गळून पडली.

"तुले कुठं सापडली थे?"

तेवढे चार शब्दसुद्धा धड उमटले नाहीत. बाबा कितीतरी दिवस तोंडातल्या तोंडात बोलतायत, हे मला तेव्हा कळलं. गाडीचा स्क्रू न् स्क्रू ऐकणाऱ्या माझ्या कानांना हे ऐकू आलं नव्हतं. घोळवून ठेवलेलं वाक्य मी गिळलं.

"आ करा," मी म्हणालो.

घरचा अभ्यास मी एकही दिवस केला नव्हता. बाबांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. दोन बोटं कशीबशी गेली. तिसरं दातांवरच अडकलं.