कवाडावरची यादी

‘जाहीर’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आला. मूळ अर्थ, डोळ्यांना उघड दिसणारं. जे कळायला सगळ्यांना मोकळं आहे, ते जाहीर. चंद्रपूरच्या शाळेत दरवर्षी मी हे शिकवते. आता शिकवताना माझंच डोकं तडकतं.

आमच्या गावच्या तलावात माय जन्मभर शिंगाडे लावत आली. यंदा पंचायतीनं शिंगाडे लावणाऱ्यांची नवी यादी केली. नाव सुटलं असेल तर सात दिवसांत अर्ज द्यायचा, नाहीतर यंदा तलावात उतरायचं नाही. मायला वाचता येत नाही. यादी जाहीर होणार, एवढंच तिच्या कानावर आलं. गावात जाहीर म्हणजे दवंडी! कोतवाल डफडं वाजवणार, नावं ओरडणार. आपलं नाव ऐकायचं राहू नये म्हणून ती रोज पंचायतीच्या ओट्यावर जाऊन बसली. डफडं काही वाजलं नाही.

मी गावी पोचले तेव्हा ती म्हणाली, “यादी अजून निंघालीच नाई.” मी तशीच पंचायतीत गेले.

ग्रामसेवक थंडपणे म्हणाले, “मॅडम, यादी दारावर लावून आठ दिवस झाले. मुदत काल संपली.”

दार सताड उघडं, कवाड बाहेरच्या भिंतीला टेकलेलं. मी ते ओढलं. यादी भिंतीकडे तोंड करून! कचेरी उघडली की कागद भिंतीला, बंद झाली की ओट्याच्या जाळीला कुलूप. मायचं नाव त्यात नव्हतंच.

“याले जाहीर म्हणता का हो भाऊ?” म्हणत मी त्यांना शब्दाचं मूळ सांगू लागले. काय करणार, संतापले तरी मी मास्तरीणच. त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत दार बंद, यादी ठळक. म्हणे, पुरावा आहे. अर्ज घेतला नाही तो नाहीच.

घरी येऊन मी मायवरच भडकले. “रोज दारातच बसली होतीस ना? कागद लावताना दिसला नाई तुले?”

“दिसला ना. ‘बाई, जराशा सरका, फोटो काढाचा आहे’ म्हणे. सरकली. मंग त्याईनं दार उघडलं, मी त्याच कवाडाले टेकून बसली.”

“अन् विचारलं काऊन नाई?”

“सरक म्हटलं, सरकली. ‘तुयं नाव नाई’ म्हटलं असतं, त भांडली असती.”