सुलभाताईंच्या वतीनं दोन शब्द

शनिवारी आमच्या लॅबमधल्या सुलभाताईंचा सेंड-ऑफ झाला. रोह्याजवळ धाटावच्या केमिकल कंपनीत एकतीस वर्षं काढली त्यांनी... आणि त्या दिवशी सकाळपासून त्यांना धास्ती कसली, तर माइकची.

कासूहून रोज गाडीने येणारं हे माणूस. हल्ली इंट्रोव्हर्ट म्हणतात, आमच्याकडे सरळ घुमी म्हणून मोकळे होतात. मी पेणची, माझ्या तोंडाला कुलूप नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात कोंबली आणि माझ्या वतीनं तूच बोल म्हणाल्या.

चिठ्ठीत दोनच ओळी. सगळ्यांचे आभार. काही चुकलं असेल तर माफी असावी. एकतीस वर्षं राबून माफी कसली मागते ही बाई...

चौदा वर्षांपूर्वी मी बीएस्सी होऊन इथे आले तेव्हा मला पिपेट धड धरता येत नव्हती. टायट्रेशनमध्ये रंग नेमका कुठे बदलतो, ते ताईंनी शेजारी उभं राहून शिकवलं. चुकलं तरी ओरडणं नाही, नुसतं "परत कर गो."

सहा वर्षांपूर्वी लॅब इनचार्जची जागा निघाली. इंटरव्ह्यूला आम्हा दोघींची नावं होती. त्या सकाळी ताई म्हणाल्या, "तू जा आत. मला नाय जमायचं साहेबांसमोर."

मी एका शब्दानंही आग्रह केला नाही. खरं सांगते... माझा जीव भांड्यात पडला होता. जागा मला मिळाली आणि मला शिकवणाऱ्या ताई माझ्या हाताखाली आल्या.

तर शनिवारी माइकसमोर उभी राहिले. दोन ओळी वाचून खाली बसता आलं असतं. पण समोर ताई मान खाली घालून, मांडीवरची शाल सांभाळत बसलेल्या... मला नाही राहवलं.

मी सगळं सांगून टाकलं. एका बॅचमधली गडबड पकडली म्हणून साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं होतं... ती गडबड मला नाही, ताईंना दिसली होती. सॅम्पल पास झालेलं असताना त्यांनी मला बाजूला घेऊन परत बघायला लावलं होतं. आणि मी फक्त थँक यू सर म्हणाले होते.

साहेब हळूच म्हणाले, "इतकी वर्षं हे मला कुणी कसं सांगितलं नाही?"

सगळे ताईंकडे बघायला लागले. पण रोज सकाळी साहेबांसमोर बसणारी मी होते. मूग गिळून बसले होते तीही मीच.

संध्याकाळी त्यांना रोहा स्टेशनवर सोडायला गेले. वाटलं, आता दोन शब्द ऐकवतील. ऐकवायलाच हवे होते. बाकावर बसून त्यांनी शालीची नीट घडी घातली.

मग म्हणाल्या, "तू बोललीस ते खरं हाय गो? मी केलं एवढं?"

मला "हो ताई" एवढंच बोलता आलं. गाडी आली, त्या गेल्या. मी तिथेच बसून रडले.

आत्मविश्वास आतून यावा लागतो म्हणतात. येत असेल काहींचा. ताईंना मात्र कुणीतरी एकदा, वेळेवर सांगायला हवं होतं, की बाई, तुला येतं... मला ते चौदा वर्षं माहीत होतं.