सायलेन्सरचं भोक

आमच्या नवऱ्याला डोंगर चढणारी गाडी हवी होती. अहो, मनवेलपाड्यात राहणाऱ्याला डोंगर कशाला हवा? सोसायटीच्या गेटापासून मेन रोडपर्यंत धड जाऊन दाखवा की! पण नाही. जुनी जीप घेतली, चारही चाकांना जोर असलेली, आणि नेली कुठे, तर कळंबच्या समुद्रात. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी करून फोटो काढले. दोन महिन्यांत खालचा सायलेन्सर असा गंजला की हात लावला तर तपकिरी पापुद्रे हातात यायचे.

गंजला तर गंजला, गाडीखाली वाकून बघतंय कोण? पण जीपवाल्यांच्या ग्रुपवर यांनीच टाकलेल्या गंजाच्या फोटोखाली कुणीतरी हसणारं तोंड टाकलं. झालं, घरात सुतक. "मी घरीच करतो. नव्यासारखा दिसेल," म्हणाले. या माणसाला कुकरचं झाकण अजून धड लावता येत नाही.

आणि मुहूर्त काढला शनिवारचा. रविवारी त्याच जीपने माझ्या वडिलांना शेतावर न्यायचं ठरलं होतं. बाबा वसईच्या खाडीकाठच्या आमच्या गावात एकटे राहतात. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी स्वतःचं शेत पाहिलं नव्हतं, माझा चुलतभाऊच ते कसतो. तिकडे जायला नुसता ओला बांध, रिक्षावाले वळूनही बघत नाहीत. सोमवारी कापणी होती. "भात उभं हाय तवर एकदा दाखव," एवढंच बाबा म्हणाले होते. त्यांनी माझ्याकडे आणखी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तसं आमचं बापलेकीचं फार गुळपीठ होतं असं नाही. दर रविवारी मी रिक्षाने डबा घेऊन जायची, तर बाबा टीव्हीकडे तोंड करून बसलेले. दारातून हाक मारली तरी मान वळत नसे. ऐकू कमी येतं म्हणे! सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं, असं मी नवऱ्याला कितीदा तरी सांगितलं होतं.

तर शनिवारी सकाळी साहेब हातमोजे, गॉगल आणि समोर मोबाईलवर कुणा गोऱ्याचा व्हिडिओ, अशा थाटात गॅलरीत बसले. सायलेन्सर माझ्या दोन कुंड्यांवर आडवा. तारेच्या ब्रशने असा घासायला घेतला की शेजारच्या काकू विचारून गेल्या, फरशी बदलताय का? दुपारपर्यंत घासत होते. मग एकदम सगळं शांत झालं. बघते तर यांचा अंगठा सायलेन्सरच्या आत.

"भोक पडलं," म्हणाले.

"पडलं नाही, पाडलंत. तो गंज होता म्हणून धड होता. आता वेल्डिंगवाल्याकडे न्या."

"वेल्डिंगवाला कशाला?" असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळासाठी आणलेली लांबी काढली, दोन रंगांची मळून लावायची ती. पुरीच्या पिठासारखी मळली आणि भोकावर थापली. मी म्हटलं, अहो, हे तापणार नाही का? तर म्हणाले, तुला यातलं कळत नाही. वर काळ्या रंगाचा स्प्रे मारला. सायलेन्सर काळा झाला, माझा वाळत घातलेला गाऊन काळा झाला आणि तुळस एका बाजूने काळी झाली. रंग भाजून पक्का करायला व्हिडिओतल्या गोऱ्याने सायलेन्सर ओव्हनमध्ये ठेवला होता. हे तो शेगडीवर धरायला निघाले, तेव्हा मात्र मी लाटणं उचललं.

रविवारी सायलेन्सर परत बसवला आणि गाडी सुरू झाली ती अगदी घरंदाज आवाजात. "बघितलंस?" एवढंच म्हणाले, पण छाती हातभर पुढे. वसई जवळ येईपर्यंत ती तशीच होती. मग खालून फट् झालं, लांबी गेली, आणि गाडी अशी बोंबलायला लागली की रस्त्यावरची कुत्री पळाली. मी ओढणीत तोंड लपवलं. सबंध गाव बघत होतं. आज बाबांचं शेत राहिलं तर तुमचं काही खरं नाही, असं मी ओरडून सांगत होते आणि तेही यांना ऐकू येत नव्हतं.

घराशी वळलो तर बाबा फाटकात उभे. धुतलेला सदरा, टोपी, हातात काठी. मी एवढी वर्षं येतेय, फाटकापर्यंत कधी आले नव्हते. आले, बसले, आणि बोंबलत का होईना, जीप बांधावरून गेली. शेताशी यांनी इंजिन बंद केलं. पिवळं भात वाकून उभं होतं. बाबा खिडकीतून हात बाहेर काढून बराच वेळ बघत राहिले.

मी कानाशी वाकून विचारलं, "आज फाटकात कसे आलात?"

"आज ऐकू आली ना गाडी. पार वळनापासून," बाबा म्हणाले. "एरवी तू आलीस ते मला समजतच नाय, बाय. मान वर करावी तर तू समोर उभी, तोंड फुगवून. वाटायचं, हिला येयाचं नसतं, तरी येते."

परतताना फाटकात त्यांना उतरवलं, आणि गाडीत बसता बसता मी नवऱ्याला म्हटलं, ते भोक बुजवलंत तर याद राखा.